कालेबच्या घरचा सूर

जळगावात मेहरूणला नासीर पिंजारींचं गाद्यांचं दुकान होतं. आता ते दुसरा माणूस चालवतो आणि नासीर मागच्या खोलीत पलंगावर असतात. तीन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, डावी बाजू गेली. वाचा राहिली, उजवा हात राहिला. मुलगी सदफ तेव्हा पुण्यात गिटार शिकवायची. महिनाभर राहते म्हणून आली आणि इथलीच झाली. भाऊ शेहजाद सुरतेहून फोनवर म्हणायचा, "तू आहेस ना तिथं, मग मला काळजी नाही."

सदफचं वाजवणं हल्लीच्या पद्धतीचं. गिटारच्या पोटावर तळहाताने थाप, तारांवर चापट, दोन्ही हात दांडीवर, आणि पायाखाली एक यंत्र, जे वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवत राहतं. एकटी वाजवायची, पण वाटावं चार जण बसलेत. दर रविवारी सकाळी ती एस.टी.ने धुळ्याला जायची. तिथे हितेंद्रचा वाद्यवृंद होता. मधल्या वेळात शेजारच्या बेबाबाई नासीरपाशी बसायच्या. "जाय व माय, मी शे ना आठे," त्या म्हणायच्या. पारोळा मागे पडला की सदफला मोकळा श्वास यायचा, आणि परतीला तोच पारोळा दिसला की छाती पुन्हा आवळायची.

नासीरही गिटार वाजवायचे, पण निराळीच. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर खानसामा होते. एकदा होनोलुलूच्या बंदरात जहाजाचा मालकच पळाला. कागद अडकले. माणसांना किनाऱ्यावर उतरायची परवानगी नव्हती, आणि जहाजाला हलायची. अकरा महिने ते धक्क्याला बांधलेल्या त्या लोखंडावर राहिले. समोर नारळाची झाडं, बायका, पोरं, बाजार, सगळं हाताच्या अंतरावर. धक्क्यावरचा म्हातारा पहारेकरी कालेब संध्याकाळी गिटार घेऊन डेकवर यायचा. तारा पिळून सैल करायचा, इतक्या की कुठेही बोट न दाबता नुसत्या छेडल्या तरी त्यांचा मेळ लागायचा. अंगठा खालच्या जाड तारांवर संथ चालत राहायचा आणि बाकीची बोटं वर गात राहायची. त्या बेटांवर ही रीतच आहे. प्रत्येक घराचा तारा सैल करायचा आपला एक हिशेब असतो आणि तो घराबाहेर जात नाही. कालेबने तो नासीरना दिला आणि सांगितलं, तुझ्या घरच्याच माणसाला दे, आणि घाईने वाजवू नकोस.

नासीरनी तो कुणालाच दिला नव्हता. सतरा वर्षांची असताना सदफ म्हणाली होती, "अब्बा, हे ऐकून झोप येते." त्यानंतर ते तारा लावताना पाठ फिरवून बसायचे. झटक्यानंतर मात्र तेवढंच उरलं. मांडीवर उशी, उशीवर आडवी गिटार, डावा हात बाजूला निर्जीव पडलेला, आणि उजव्याने मोकळ्या तारा.

गेल्या एप्रिलात हितेंद्र जळगावला आला. चार महिन्यांचा दौरा ठरला होता, पुणे, गोवा, बंगळूर, बावीस कार्यक्रम. सदफ त्याला हवी होती. चहा पिताना त्याने आतून येणारे सूर ऐकले आणि कप हातातच राहिला.

"हे कोण वाजवतंय?"

"अब्बा."

"सदफ, हे पाहिजे. यावर आपला ठेका टाकायचा. आपल्याकडे हे कुणी ऐकलेलंच नाही."

त्याच दुपारी तिने वडिलांना विचारलं.

"ठेका टाकणार?" नासीर म्हणाले.

"थोडासा."

"मग नाही. ते ठोकाठोकीसाठी नाही."

"मग कशासाठी आहे? या खोलीसाठी?"

"जहाजावर आम्ही वेडे व्हायच्या बेताला आलो होतो. या सुराने मला शाबूत ठेवलं."

"तुम्ही अकरा महिने अडकला होतात, अब्बा. मला तीन वर्षं झाली."

बोलून गेल्यावर तिला ते शब्द परत घ्यावेसे वाटले. दोन दिवस नासीरनी गिटारला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली.

"गिटार आण. आणि दार लाव."

एका हाताने खुंट्या पिळत त्यांनी तिला कालेबच्या घरचा सूर दाखवला. "ही सोड. अजून. आता थांब. हिला हात लावू नको." मग म्हणाले, "मी चाळीसगावला फोन केलाय. तुझी फूफी येऊन राहील चार महिने. तू जा."

सदफने आठ दिवस तेच वाजवलं. अंगठ्याला संथ चाल शिकवायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या सुरावटीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रेंगाळ होती, नाव धक्क्याला लागताना हळू होते तशी. नासीर ती कधी लांबवायचे, कधी कमी करायचे. धुळ्याच्या तालमीत मात्र यंत्राचा ठेका थांबत नसे. हितेंद्रने तोडगा काढला. ओळींचे शेवट कापले. आता सगळं ठेक्यात बसलं आणि वाद्यवृंदातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दौऱ्यावर निघण्याआधीच्या रविवारी धुळ्यात एका सभागृहात सकाळी अकराला कार्यक्रम होता. तीनशे माणसं असतील. सदफच्या आधीच्या दोन तुकड्यांना शिट्ट्या मिळाल्या. मग तिने तारा सैल केल्या. पहिली ओळ वाजली, शेवट कापला गेला. दुसरी वाजली, तीही कापली गेली. तिला वाटलं, आपणच कुणाच्या तरी तोंडावर मध्येच दार लावतोय. तिसऱ्या ओळीला तिचा पाय यंत्राच्या बटणावर पडला आणि ठेका बंद झाला.

सभागृह एकदम मोठं वाटलं. ती वाजवत राहिली. रेंगाळ होती तिथे रेंगाळली. मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज गेला का?" काही जण फोनकडे वळले, काही जण ऐकत राहिले. तिने सगळं संपवलं तेव्हा टाळ्या तुरळक पडल्या.

पडद्यामागे हितेंद्र शांत होता. "बावीस ठिकाणी हेच करणार आहेस?"

'नाही' म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण ती म्हणाली, "माहीत नाही."

"मला माहीत असलेला माणूस लागतो," तो म्हणाला.

बुधवारी त्याने नाशिकचा एक गिटारवादक घेतला. तोवर चाळीसगावची फूफी ट्रंक घेऊन आली होती. ती दोन दिवस राहिली, दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि गुरुवारच्या गाडीने परत गेली.

ती गेल्यावर नासीर भडकले. सदफने त्यांना इतकं चिडलेलं झटक्यानंतर पाहिलं नव्हतं.

"मी तो सूर तुला बाहेर पडायला दिला होता!"

"माहीत आहे."

"मग?"

"त्याचे शेवट कापवेनात."

"कापले असते तर काय बिघडलं असतं? कालेब ऐकायला येणार होता?" त्यांनी उजवी मूठ पलंगावर आपटली. "मी इथं पडलोय ते कमी आहे का? तू पण?"

ज्या माणसाने इतकी वर्षं तो सूर पाठीआड लपवला, तो तिच्यासाठी त्याचे तुकडेही करू द्यायला तयार होता. हे तिच्या ध्यानात आलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. मग तिने हितेंद्रला फोन लावला, माफी मागितली, म्हणेल तसं वाजवीन म्हणाली. तो चांगलं बोलला. पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. दौऱ्याची गाडी तेव्हा नाशिकच्या पुढे गेली होती.

मे संपत आला. पत्रे तापून खोली भट्टीसारखी व्हायची. रविवारी आता कुठे जायचं नव्हतं, तरी बेबाबाई सवयीने येऊन दारात बसून जायच्या. अशाच एका दुपारी नासीर म्हणाले, "तुझं वाजव. ते ठोकाठोकीचं. मी कधी पूर्ण ऐकलं नाही."

सदफने तारा पुन्हा ताणल्या, वरच्या सुराला आणल्या. गिटारच्या पोटावर थाप मारली. नासीर डोळे मिटून ऐकत होते. उजव्या हाताची दोन बोटं पलंगाच्या लोखंडी पट्टीवर ठेका धरू पाहत होती. बोटं सारखी चुकत होती. तुकडा संपला.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिने पुन्हा वाजवलं. मग पुन्हा. चार वाजता मालीशवाला येईपर्यंत दोघांनाही दुसरं काही करायचं नव्हतं.