अंगठ्याचा निर्वाळा

नीळकंठरावांनी बाही वर सारली आणि शेजारच्या उदयच्या फियाटच्या बॉनेटखाली हात घातला.

बरखेड्यातल्या कारखान्याच्या त्या क्वार्टरांची रीतच होती. कुणी इंदूरला निघालं की आदल्या दिवशी गाडी त्यांच्या फाटकाशी आणायची. ते फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहायचे, पट्टा पिळून आतल्या बाजूवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, जा. कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही रीत मोडली नव्हती. उद्या उदय बायकोला बाळंतपणासाठी माहेरी पोचवणार होता. अनुराधाला आठवा लागला होता. वाटेत बेल्ट तुटला तर इंजिन तापणार आणि ती भर उन्हात रस्त्याकडेला बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शशिकलाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. उदय म्हणत होता, आताच जवाहर चौकातून आलोय, इंजिन निवू द्या. नीळकंठरावांनी ऐकलं नाही. बेल्ट दाबला, बोट फिरवलं.

"ठीक आहे. जा."

"काका, पक्का ना?"

"तुझ्या वरातीच्या वेळीही ही गाडी मीच पास केली होती. तेव्हा नाही विचारलंस."

उदय हसत कप घ्यायला वळला. शशिकलाबाई हसल्या नाहीत. नवऱ्याच्या तळहाताची कड इंजिनाला टेकलेली होती आणि ते हात काढत नव्हते. गेल्या महिन्यापासून त्यांच्या शर्टाची बटणं त्याच लावून देत होत्या. साखरेमुळे बोटं जरा बधिर झालीत, एवढंच ते बोलले होते.

त्यांनी मनगट धरून तो हात बाहेर काढला. करंगळीखालची कातडी लाल होऊन फुगली होती. नीळकंठरावांनी ती पाहिली. मग बेल्टकडे पाहत राहिले.

"तू बघ," ते हळूच म्हणाले.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"पट्टा पिळ. आतून बोट फिरव. काय लागतं ते सांग."

हाताला पदर गुंडाळून त्या वाकल्या. बोटाची टोकं तेवढी मोकळी होती.

"उघडी राहिलेली कणीक तडकते ना, तसं लागतंय. सगळीकडे."

नीळकंठरावांनी उदयला हाक मारली.

"नवा बेल्ट आण. माझं चुकलं."

संध्याकाळी उदयने बेल्ट चढवला, तो ताणायला डायनॅमो मागे ओढून बोल्ट आवळले आणि सवयीने बाजूला सरून काकांना जागा करून दिली. हाताला पट्टी बांधलेले नीळकंठराव पुढे झाले, थांबले.

"अगं, ये. बोटभर दबला पाहिजे, जास्त नाही."

उदय दोघांकडे पाहत राहिला. शशिकलाबाईंनी पदराला हात पुसले आणि बेल्टवर अंगठा दाबला.

"सैल आहे अजून," त्या म्हणाल्या.

उदयने नीळकंठरावांकडे पाहिलं. त्यांनी डायनॅमोकडे मानेने खूण केली. त्याने पुन्हा पाना उचलला.