तबेल्याची सहावी खिडकी

आमच्या तबेल्याला मोठ्या घराच्या बाजूने सहा खिडक्या आहेत आणि सहाही खोट्या. विटांवर काचा, चौकटी सगळं रंगवलेलं. टोकाच्या सहावीला तर अर्धा ओढलेला पडदासुद्धा. बांधणाऱ्या साहेबांना समोरून शोभा हवी होती, पण घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांची नजर घरातल्या बायकांवर नको होती. मोठ्या लोकांचे चोचले! मोतद्दाराची बायको म्हणून मी वरच्या खोलीत आले ती तिथेच राहिले. माझी खरी खिडकी मागच्या उकिरड्याकडे उघडते.

लढाईत घोडे गेले, पुढे माझा नवरा विल्फही गेला. खाली गव्हाणीपाशी आता गवत कापायचं यंत्र उभं असतं. माझ्याशी बोलतं ते फक्त तबेल्यावरच्या मनोऱ्यातलं घड्याळ, तेही तासातासाने.

बाईसाहेब मोठ्या घरात आल्या त्या विधवा होऊन, चाकाच्या खुर्चीतून. वरच्या मजल्यावरून कधी खाली उतरल्या नाहीत. मला वाटायचं, शिष्ट आहेत.

एका रविवारी स्वयंपाकीणबाई बहिणीकडे गेल्या, म्हणून चहा घेऊन मी वर गेले.

"तबेल्यातली नेल ना तू?" बाईसाहेब म्हणाल्या. "भारीच तोरा गं तुझा!"

"मी काय केलं, बाईसाहेब?"

"रोज सहाचे टोल पडले की मी तुझ्या खिडकीकडे हात करते. ती टोकाची, अर्ध्या पडद्याची. एकदा तरी पडदा सरकवशील तर शपथ!"

मला हसू यायला हवं होतं, पण रडूच आलं. इतकी वर्षं कुणीतरी मला रोज हात करत होतं आणि मी भिंतीआड एकटीच बटाटे सोलत बसले होते.

"डोळे अधू झालेत माझे," मी कसंबसं म्हटलं. "उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी धापा टाकत मनोऱ्यात चढले. घड्याळाखाली मोठ्या घराकडे उघडणारं एक दार आहे. सहाचे टोल पडले तशी मी उशीचा पांढरा अभ्रा जोरजोरात हलवला. समोर बाईसाहेबांचा हात वर झाला, पण त्या रंगवलेल्या पडद्याकडे. वर त्यांनी पाहिलंच नाही. थोड्या वेळाने हात खाली गेला.

आता गप्प बसणं मला जमेना. तशीच अभ्रा हातात घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि खरं ते सांगून टाकलं.

बाईसाहेबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली.

"म्हणजे इतके दिवस तिथे कोणीच नव्हतं?"

"होतं ना," मी म्हटलं. "भिंतीच्या मागे मी होतेच की."