सतरावं वेटोळं

दालनात काकांनी तारेची वेटोळी गुंडाळलेल्या नळीत दांडा हातभर पुढे सरकवला. काचेमागच्या खोलीत ती बसली होती; तिच्या पडद्यावर लाल ठिपका बरोबर फुलीवर येऊन थांबला.

"सतरावंही सरळ ना?" स्पीकरमधून काका म्हणाले. "बोलव साहेबांना. चारला नळी बंद, मग वर्षभर कटकट नाही."

दांडा तसाच ठेवून काका पाण्याच्या बाटलीकडे वळले. चार पावलं गेले. ठिपका फुलीवरून उतरला.

काका परत आले. ठिपकाही.

आयनांचा झोत 'थंड', म्हणजे शांत करणारी ही शीतन यंत्रणा तिने आखलेली. जड आयनांच्या सैरभैर झोताबरोबर, त्याच वेगाने, इलेक्ट्रॉनचा शिस्तीतला झोत धावणार आणि आयनांची थरथर आपल्या अंगावर घेणार. त्यासाठी नळीतलं चुंबकीय क्षेत्र ओळंब्यासारखं सरळ हवं. दांड्याच्या टोकाची आरसा लावलेली चुंबकसुई तेवढंच सांगते; तिच्यावरून परतलेला लाल किरण पडद्यावर ठिपका होतो. तीन आठवडे दोघांनी एकेक वेटोळं केसभर कलवत सुई सरळ केली होती.

सरळ केली होती, पण काका शेजारी उभे असताना.

"काका, तुम्ही इथे येऊन आकडे वाचा. दांडा मी धरते."

"तू? तुला चहाचा कप धड धरता येत नाही."

"या ना."

काका आले, डावा पाय नेहमीसारखा ओढत. दालनाच्या दारावर पाटी होती: शरीरात धातू असलेल्यांना प्रवेश नाही. दरवर्षीच्या अर्जात धातूच्या प्रश्नापुढे काका 'नाही' लिहून सही ठोकत. सव्वीस वर्षं. सुई कशी धरायची हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

तिने दांडा धरला. इथून पडदा दिसत नव्हता.

"सतरा. वाचा."

स्पीकरमध्ये खरखर. साडेतीन वाजून गेले होते. काचेपलीकडे काका पडद्याकडे बघत होते, मग खाली, स्वतःच्या मांडीकडे.

"काका?"

"फुलीपासून अडीच रेघा डावीकडे."

"नक्की?"

"मी कधी चुकीचं वाचलंय का गं?"

ती दांड्यावरचा हात काढेना.

"साहेब उशिराचं कारण विचारतील," ती हळूच म्हणाली.

"मग लिही. डाव्या मांडीत सळई. पोलादी." खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "आणि दांडा पार मागे घे. पहिल्या वेटोळ्यापासून जाऊ. मी इथून वाचतो."