माझ्या पोटात डोमाभाऊंचे हात

मी एक जुना सिंथेसायझर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, मी रागावलेला आहे. वस्तूच्या रागाला कोणी भीक घालत नाही, हे मला ठाऊक आहे. वडशाच्या एका गोदामात, नाटकाच्या रंगीत पडद्यांखाली मला दाबून ठेवलंय. तोंडात धूळ गेलीय, पण बोलायचं अजून विसरलो नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तिथून कसाबसा नागपूरला आलो, एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे राबलो, आणि नवं मॉडेल येताच त्यानं मला वाद्यांच्या दुकानात आणून टाकलं. तेव्हा शहाण्णव साल असेल. एके सकाळी तिथे दोन माणसं आली. एक अमरभाऊ, झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका नाटक कंपनीचे मालक. दुसरे डोमाभाऊ, त्यांचे ऑर्गन मास्तर.

डोमाभाऊ आरमोरीकडचे ढिवर. पावसाळ्यात तलावात जाळं टाकायचं आणि दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा, असा त्यांचा रिवाज. आमच्याकडे शंकरपट भरला, म्हणजे बैलांच्या शर्यती लागल्या, की गावात नाटक होणारच, आणि नाटकात स्टेजसमोर ऑर्गन असणारच. पण आता लोकांना बासरी हवी होती, व्हायोलिन हवं होतं, ढगांचा गडगडाटही हवा होता. पायानं हवा भरायच्या ऑर्गनमधून हे सगळं कुठून निघणार? म्हणून अमरभाऊंनी मशीन घ्यायचं ठरवलं आणि निवड डोमाभाऊंवर सोपवली.

दुकानदारानं आधी सगळ्यात स्वस्त मशीन पुढे केलं. डोमाभाऊंनी डाव्या हातानं ‘सा’ आणि ‘प’ धरून ठेवले आणि उजव्या हातानं चाल सुरू केली. झालं! एक सूर वाजला की दुसरा गप्प.

“हे एका तोंडाचं हाय जी,” ते म्हणाले. “बाईच्या गाण्याखाली सूर धरून ठेवा लागते. हे धरतच नाई.”

मग महागातलं आलं. ते फार गोड वाजलं. डोमाभाऊंचे डोळे मिटले आणि अमरभाऊंचा चेहरा उतरला. ते मशीन मुकाट्यानं परत फडताळावर गेलं. शेवटी माझी पाळी आली. मी जुना म्हणून परवडणारा होतो आणि एका वेळी आठ सूर काढत होतो. नववी पट्टी दाबली की सगळ्यात आधी धरलेला सूर मी सोडून देतो. डोमाभाऊंनी ते लगेच पकडलं.

“आठ सूर कमी आहेत का मास्तर? एवढी बोटं असतात कुणाला?” दुकानदार हसला.

“दहा असतात जी,” डोमाभाऊ म्हणाले. मग माझ्यावरून हात फिरवून अमरभाऊंना म्हणाले, “घ्या भाऊ, हेच घ्या. दोन बोटं मी वर उचलून धरीन.”

माझ्या कमीपणाची लाज न बाळगता मला कोणी घेतलं, ते पहिल्यांदाच. त्या दिवशी मी त्यांचा झालो.

पुढची वर्षं काय सांगू! नागभीड, सावली, कुठल्या कुठल्या गावांच्या चुलींचा धूर मी खाल्ला. मला वाजवताना डोमाभाऊंचा पाय खाली आपला हलतच असायचा, सवयीनं ऑर्गनला हवा भरत. कंपनीच्या मुख्य नटी सत्यशीलाबाई. त्या गाता गाता मध्येच थांबायच्या, प्रेक्षकांकडे बघायच्या, मनात आलं तर तीच ओळ पुन्हा घ्यायच्या. त्या थांबल्या की डोमाभाऊ सूर धरून थांबायचे. त्यांनी श्वास घेतला की ह्यांची बोटं उतरायची. लोक म्हणायचे, काय मशीन हाय बापा! अहो, मशीन कसलं? थांबणारा माणूस होता तो.

मग एका पोळ्याच्या सुमारास अमरभाऊ अगदी मायेनं म्हणाले, “डोमाभाऊ, तुमची तब्येत अशी नरम-गरम. ऐन सीझनमध्ये बिमार पडले तं कंपनीनं का करावं? या मशीनमध्ये म्हणे वाजवलेलं भरून ठेवता येते. सारं भरून ठेवा ना. अडीअडचणीले कामी येईल.”

डोमाभाऊ भोळे. खरं तर भोळे नव्हते, त्यांचा विश्वास होता, आणि ह्या दोन्हींत फार फरक आहे मित्रांनो. जाळं टाकणं सोडून ते वडशाला, कंपनीच्या गावी, येऊन राहिले. नांदी, गाणी, रडण्याचे प्रसंग, मारामारीचे प्रसंग, सगळं त्यांनी माझ्यात वाजवलं आणि मी फ्लॉपीवर जपून ठेवलं. कुठे चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. मला वाटलं, केवढा मान हा! माझ्या पोटात मास्तरांचे हात राहणार.

दिवाळी झाली. डोमाभाऊ वळकटी घेऊन आले, तर माझ्यासमोरच्या स्टुलावर अमरभाऊंचा साळा दिनेश बसलेला. त्याला सा कुठे आहे तेही माहीत नव्हतं. बटण मात्र माहीत होतं.

“यंदा आराम करा भाऊ,” अमरभाऊ म्हणाले. “मशीन हाय ना आता.”

डोमाभाऊंना आधी थट्टाच वाटली. ते थोडे हसलेही. मग कोणीच हसत नाही असं पाहून त्यांनी वळकटी उचलली. मी ओरडणार होतो, पण माझी विजेची तार दिनेशनं काढून ठेवली होती. ज्यानं मला निवडलं, त्याचाच घास मी काढावा? मला कोणी विचारलं होतं का? गळा कापायला सुरी वापरतात, पण सुरीला काही वाटतं की नाही, हे कोणी विचारत नाही.

तो सीझन कसाबसा चालला होता. बाई थांबल्या तरी मी पुढे धावायचो. त्यांचं गाणं मागे राहायचं आणि लोक शिट्ट्या मारायचे. शेवटी, डोमाभाऊंच्याच गावात पट होता त्या दिवशी दुपारी, सत्यशीलाबाई अडून बसल्या.

“हे मशीन माह्यासाठी थांबत नाई. मास्तरले बलावा, नाही तं मी गात नाई.”

अमरभाऊंनी माणूस पाठवला. डोमाभाऊ तलावावरून घरी गेले, आंघोळ करून पांढरा सदरा घालून आले. हाताला मासोळीचा वास राहू नये म्हणून लिंबू चोळलेलं मला कळत होतं. दिनेश स्टुलावरून उठला. डोमाभाऊंनी बसून पट्ट्यांवर हात ठेवले. आपली जागा परत मिळाली, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं हो!

तेवढ्यात दिनेशनं माझ्यात कोरी फ्लॉपी सरकवली.

“भरा भाऊ,” अमरभाऊ म्हणाले. “बाई जिथी थांबते, तिथी जागा सोडत जा. एकदा नीट भरून दिलं, का मग तुम्हाले तरास नाई.”

सत्यशीलाबाईंनी मान खाली घातली. डोमाभाऊंनी बटण चाचपलं, नांदी सुरू केली आणि बाईंना म्हणाले, “म्हणा जी.”

बाई गायल्या. हव्या तिथे थांबल्या, तीच ओळ पुन्हा पुन्हा घेतली, आणि डोमाभाऊ प्रत्येक वेळी थांबले. इतकं सुंदर मी कधीच वाजलो नव्हतो. पट बघायला निघालेली माणसं मंडपाशी खोळंबली. नांदी संपली तसे डोमाभाऊ उठले.

दिनेशनं पाहिलं आणि म्हणाला, “भाऊ, हे तं भरलंच नाई. बटण बंद हाय.”

“बंद मीच केलं,” डोमाभाऊ म्हणाले. “हे बाईसाठी वाजवलं.”

ते निघून गेले. माझ्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही, आणि ते मला आजही सलतं. त्यांच्या लेखी मीही अमरभाऊंच्याच बाजूचा ठरलो. बाईंनी होळीनंतर कंपनी सोडली. मी जुनीच फ्लॉपी वाजवत राहिलो, ती मध्येच अडू लागली तेव्हा अमरभाऊंनी नवं मशीन आणलं आणि मला इथे टाकलं. त्याचं मला काही वाटलं नाही. त्यांच्याकडून वेगळी अपेक्षाच नव्हती.

मित्रांनो, नवी यंत्रं खुशाल घ्या. ऐपतीत बसतील ती घ्या, नीट पारखून घ्या, धूळ-पाण्यापासून जपा. पण ज्यानं यंत्राला शिकवलं, त्यालाच उठवून त्याच्या जागी यंत्र बसवू नका. आणि कधी वडशाला आलात, पडद्यांखाली मी सापडलो, तर माझं ते वाजवायचं बटण दाबू नका. माझ्या पोटातल्या फ्लॉपीत अजून डोमाभाऊंचे हात आहेत, आणि त्यांना विचारल्याशिवाय ते वाजवायचा हक्क कोणालाच नाही.