माझ्या अंगात तडा आहे का?

मित्रांनो, मी एक जुनी गाळणी आहे. चहाची नव्हे. मी चिनीमातीची आहे, मेणबत्तीसारखी लांबट, आतून पोकळ आणि एका टोकाला बंद. माझ्या अंगावरून बोट फिरवलंत तर एकही भोक सापडणार नाही. छिद्रं मात्र असंख्य आहेत, इतकी बारीक की जिवाणूसुद्धा बाहेरच अडकतो. भट्टीतून काढल्यावर कारागिराने मला टिचकी मारली आणि कानाशी धरलं. मला वाटलं, लाड करतोय. तो तडा शोधत होता.

तिथून मी एका प्रयोगशाळेत आले. तिथे एक डॉक्टरबाई उंदरांवर काम करत. त्यांची उंदीरखोली जिन्याखाली होती. पिंजऱ्यांच्या रांगा, खाली लाकडाचा भुसा, उलट्या टांगलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि कपड्यांना चिकटून घरापर्यंत जाणारा वास. तिथल्या उंदरांच्या एका कुळात पिढ्यान्‌पिढ्या रक्ताचा कर्करोग होत असे आणि अंगावर गाठी येत. दुसरं कूळ धडधाकट होतं. बाई आजारी उंदराची गाठ खलात वाटत, मिठाच्या पाण्यात कालवत आणि माझ्यातून गाळत. पेशी बाहेर राहत. आत झिरपलेलं नितळ पाणी त्या धडधाकट कुळातल्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचत. पिल्लं मोठी झाली आणि त्यांच्या मानेवर गाठी आल्या.

याचा अर्थ एकच होता. पेशीहून कितीतरी लहान असं काहीतरी माझ्यातून पार गेलं होतं, आणि ते कर्करोग घडवत होतं. बाई त्याला विषाणू म्हणत.

विभागाचे साहेब त्याला काहीच म्हणेनात. त्यांनी मला उजेडात धरून इकडून तिकडून पाहिलं.

"बाई, तुमची गाळणी फुटकी असेल," ते म्हणाले. "एखादी पेशी निसटली की झालं. तीच वाढते. विषाणू कशाला हवा?"

"फुटकी नाहीये, सर."

"हे गाळणी म्हणते की तुम्ही?"

ठरलं असं, की माझी तपासणी व्हायची. मी गळकी निघाले तर बाईंचं काम बंद आणि उंदीरखोली दुसऱ्या कुणाला. तपासायचं कुणी? शेजारच्या जिवाणूंच्या प्रयोगशाळेत बाईंची सख्खी नणंद होती. साहेब हसून म्हणाले, "त्याच तपासतील. त्या तुमच्या बाजूने बोलतील, असा आरोप तरी कुणी करणार नाही."

मित्रांनो, त्या वन्संना सगळी इमारत टरकून असे. सीलबंद बाटलीचंही बूच त्या हुंगून पाहत. मला हातात घेताच त्या भावजयीला म्हणाल्या, "धुतलीस?"

"धुतली, वन्सं. भट्टीत लाल होईपर्यंत तापवलीसुद्धा."

"दूध उतू गेलं नाही, असंही तू म्हणाली होतीस. मी शेगडी खरवडून पाहिली होती."

"ते लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात झालं होतं."

"करपलेलं दूध निघालं ना पण?"

मला त्यांचा भरवसा वाटेना. त्यांनी मला स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली पदराला बांधली. नणंदेला भावजयीचं नाक कापायला एवढी संधी पुरे, असं माझ्या मनात आलं. त्याहून वाईट शंका मला स्वतःचीच होती. भट्टीत तापताना अंगात कुठे बारीकशी चीर पडली असली तर मला कळणार कसं? चीर दुखत नाही.

वन्संनी जिवाणूंनी गढूळलेलं पाणी माझ्यातून ओढलं आणि गाळलेला थेंब सुपासारख्या नितळ खाद्यद्रवात सोडला. जिवाणू निसटला असेल तर बाटली गढूळ होणार, नाहीतर नितळ राहणार. जिवाणूच अडला, तर त्याच्याहून मोठी पेशी जाईलच कुठून?

दुसऱ्या दिवशी बाटली गढूळ होती.

बाईंनी ती पाहिली आणि खाली ठेवली. "चला," एवढंच म्हणाल्या. साहेबांनी उंदीरखोली रिकामी करायला माणूस पाठवला. पिंजरे भिंतीकडून दाराकडे सरकू लागले.

वन्सं तिथेच थांबून होत्या. बाटलीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग माझ्या तोंडाशी बसवलेल्या रबरी कडीकडे. ती कडी त्यांच्याच प्रयोगशाळेतली होती. त्यांनी ती काढली, बोटांनी ताणली. आतल्या बाजूला बारीक भेग होती.

"अगं ए, थांबव त्या माणसाला," त्या म्हणाल्या.

"का? तुम्हीच तर तपासलंत."

"म्हणूनच. पाणी गाळणीतून गेलं की गाळणीच्या बाजूने, हे मला कुठे माहितीये? तुझी कडी आण."

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं, वन्सं."

"मला कळलं असतं. आणि मी काय तुझ्यावर उपकार करत नाहीये. उद्या गढूळ झाली तर मीच पिंजरे उचलेन."

त्यांनी मला पुन्हा तापवलं, बाईंची कडी लावली, तोच जिवाणू पुन्हा घातला. बाटली नितळ राहिली. त्यांनी आणखी एकदा केलं. नितळ. मग पाण्यात बुडवून माझ्यात हवा भरली. बुडबुडा आला नाही. साहेबांना त्या म्हणाल्या, "तडा नाही. तडा माझ्या कडीला होता, तसं लिहा." साहेबांनी ते लिहिलं, पण सावकाश.

पिल्लांना पुन्हा टोचलं गेलं, यावेळी वन्संच्या देखत. पुन्हा गाठी आल्या. उंदीरखोली राहिली. माझी वाहवा झाली, पण मित्रांनो, ती उंदरांच्या मानेवरच्या गाठींमुळे झाली, हे मी विसरले नाही.

नंतर नव्या गाळण्या आल्या आणि मी फळीवर गेले. तिथूनच मी पुढचं ऐकलं. तो विषाणू पेशीत शिरून स्वतःची प्रत तिच्या जनुकांत घुसवतो. त्याच्याच एका भाईबंदाने तर बाहेर पडताना उंदराचं एक जनुक उचलून नेलं होतं. पेशीला 'आता वाढ' असं सांगणारं साधं, कामाचं जनुक. विषाणूच्या ताब्यात गेल्यावर ते थांबायचं विसरलं आणि कर्करोगाचं जनुक झालं. मूळ जनुक धडधाकट उंदरातही असतं, आणि त्याचा भाऊ माणसातही.

बाईंनी हे सांगितलं तेव्हा निवृत्त वन्सं स्टुलावर बसल्या होत्या. "म्हणजे चोर बाहेरचा, पण हत्यार घरातलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःचा तळहात उलटसुलट करून पाहिला.

आता त्या दोघीही इथे येत नाहीत. परवा एका मुलीने मला धूळ पुसून खाली उतरवलं आणि विचारलं, "ही अजून चालत असेल का?" मला हो म्हणावंसं वाटलं. पण इतक्या वर्षांत मी कितीदा आपटले, कितीदा तापले, मला आठवत नाही. म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. मला फेकू नका, आणि माझ्या बोलण्यावर विसंबूही नका. आधी कडी बघा, मग मला पाण्यात बुडवा आणि फुंकर घाला.