पाळण्यातली टाकी

"देवाला शब्द दिलाय मी. आपल्या गाडीवर येईन म्हणलंय. आता गाडी न्हाई म्हणून काय सांगू त्याला?"

"मला इचारून दिला व्हता का शब्द?" गोठ्याच्या दारात फटफटीची टाकी मांडीवर घेऊन बसलेला तुळशीदास बायकोवर कावला होता.

द्रौपदानं पोथीचं पान उलटलं. सकाळची पोथी होईस्तोवर कुणाशी वाद घालायचा नाही, हा तिचा नेम. सूनबाईला, स्नेहाला, कळा सुटल्या आणि डिंभ्याची एसटी काही येईना, तेव्हा रस्त्यावर उभ्या उभ्याच तिनं लेण्याद्रीच्या गणपतीला हात जोडले होते. पोरीला सुखरूप सोडव, बारशाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्वतःच्या गाडीवर बसून दर्शनाला येते! तेवढ्यात शेजाऱ्याची जीप आली, नात झाली, देवानं आपलं काम चोख केलं. पण घरात स्वतःची गाडी म्हणायला सासऱ्यांची फटफटी तेवढी. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

आज बारसं आणि उद्या लेण्याद्री.

जुन्नरच्या वली मिस्त्रीनं इंजिन बोलतं केलं होतं. टाकीत मात्र त्यानं डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, लई गंज हाय. तसंच पेट्रोल घातलं तर घोडेगावसुदिक गाठायची न्हाई." त्यानं टाकीत चिंचेचं आंबट पाणी ओतलं, मूठभर खडी टाकली आणि तोंडाला फडक्याचा बोळा लावला. "आता दुपारपतोर हलवत ऱ्हावा. थांबला की खडी बसली, गंज तसाच."

तुळशीदासानं टाकी छातीशी धरली आणि जोर करून घुसळली. दोन-चार हिसके दिले असतील नसतील, कमरेत कळ आली. वाकला तो वाकलाच.

"आता माझ्याच्यानं न्हाई. देवाला म्हणावं, पायी येतो."

द्रौपदाची नजर ओसरीवर गेली. बारशाचा पाळणा तुळईला टांगून तयार होता, नात आत आईच्या कुशीत झोपली होती.

"मिस्त्री, पाळण्यात चालंल का वो?"

वलीनं कपाळावर हात मारून घेतला. "आयला, चालंल की! एवढी वर्सं हातानं हलवतोय मी."

जुन्या गोधडीत गुंडाळून टाकी पाळण्यात निजली. द्रौपदानं दोरी धरली आणि रोजचा जप तिथंच लावला. एक झोका, एक नाम. आत खडी खळाळायची, बाहेर गणपतीचं नाव चालायचं. टाकीला एवढं पुण्य कधी लाभलं नसेल.

दुपारी बाया जमल्या. चहा टाकायला द्रौपदा आत गेली, तेव्हा दोरी वलीच्या हातात आली. नेमकी तेव्हाच साळुबाई एसटीतून उतरली. ही तुळशीदासाची थोरली बहीण. द्रौपदाच्या लेकाला, रविंद्रला, सख्खी बहीण नाही, म्हणून त्याच्या लेकीचं नाव ठेवायचा मान हिचा. डोळ्यांना चष्मा होता, पण फोटोत म्हातारी दिसते म्हणून तो पिशवीत.

"का रं रविंद्रा, लेकीला झोका देतुस व्हय? लई बारीक झालास."

"आत्याबाई, मी वली. आन् ही पोरगी न्हाई, ही—"

"गप! मला माघारीची गाडी गाठायचीय."

ती पाळण्यावर वाकली, गोधडी सारली, हाताला लागलेला फडक्याचा बोळा उपसून टाकला आणि कानात सांगावं तसं टाकीच्या तोंडात नाव सांगितलं. आतून घुमारा परत आला.

"हुंकार दिला गं पोरीनं!"

नाव ठेवताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत. आत्या वाकलेली दिसताच बाया धावल्या आणि धपाधप सुरू झाल्या.

"हळू गं भवान्यांनो! आन् पोरीला टोपरं घाला कुणीतरी. गार पडलीया, वासबी कसलातरी येतोय."

द्रौपदा चहा घेऊन बाहेर आली. वली भिंतीकडं तोंड करून गदगदा हसत होता. कुणीतरी साळुबाईच्या नाकावर चष्मा चढवला. तिनं पाळण्यात पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"गिरिजा नाव ठेवलं की गं मी हिचं! आता पोरीला काय सांगू? दिलेलं नाव माघारी घेता येतंय व्हय?"

ओसरी हसून हसून लोळत होती. द्रौपदानं मात्र चहा तिथंच खाली ठेवला. शुभकार्यात अपशकुन तर झाला नाही? तिनं डोळे मिटून गणपतीचं नाव घेतलं.

"वन्सं, देवीचं नाव हाय ते. वाटून कमी व्हतंय का? ठेवा पुन्यांदा."

टाकी उतरली, नात पाळण्यात आली. साळुबाईनं पुन्हा नाव सांगितलं. या खेपेला बायांचे हात सैल झाले होते, त्यामुळं धपाटे दुप्पट बसले. एवढ्यात एसटी निघून गेली ती वेगळीच.

वलीनं टाकी उपडी केली. काळ्या चहासारखं पाणी भळाभळा वाहिलं. त्यानं मोबाइलचा उजेड आत टाकला.

"वहिनी, या बघा! आरसा झालाय."

मग त्यानं टाकी उन्हात खडखडीत वाळवली, पेट्रोलनं विसळली आणि संध्याकाळी गाडीवर बसवली.

दुसऱ्या दिवशी तुळशीदासाची कंबर तशीच वाकलेली. पण फटफटीवर बसायला तीच कामी आली, हात आपसूक हँडलवर पोचले. वाटेत गाडी कुठं अडली नाही की खोकली नाही. द्रौपदानं भीतीनं डोळे गच्च मिटले होते, ते लेण्याद्रीच्या पायथ्याशीच उघडले.

ती उतरली, पदर सारखा केला आणि टाकीपुढं हात जोडून वाकली.

"अगं येडे, देव वर डोंगरात हाय!"

"ठावं हाय मला," द्रौपदा हळूच म्हणाली. "त्याच्याकडंच चाललेय. पर हितवर आणलं कुणी?"

आणि हळदीकुंकवाची दोन बोटं टाकीला लावून ती पायऱ्या चढू लागली.