चार सेकंद

घड्याळजींनी पात्याचं टोक खाचेत घातलं, हाताला हलका पीळ दिला आणि घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. डोळ्याला भिंग लावून ते आत वाकले. काउंटरच्या पलीकडे उभी असलेली बाई त्यांच्या बोटांकडे पाहत राहिली.

घड्याळ मनगटी होतं, चावीचं. पांढरी तबकडी, तिच्यावर काळे ठसठशीत आकडे आणि आतल्या बाजूला बारीक लाल आकड्यांत तेरापासून चोवीसपर्यंतचे तास. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागच्या जागी थांबायचा, म्हणजे दुसऱ्या घड्याळाशी सेकंदाला सेकंद जुळवता यायचा. अशी घड्याळं रेल्वे पूर्वी गाडीवरच्या माणसांना द्यायची. आता ती कुठे मिळत नाहीत, म्हणूनच त्यांच्यामागे वेडी झालेली माणसं असतात. तसल्याच एका संग्राहकाला बाईने घड्याळाचे फोटो पाठवले होते. झाकणावर कोरलेला रेल्वेचा नंबर पाहून तो हरखला होता. आतले भाग मूळचेच आहेत असं जाणकाराचं पत्र मिळालं, की तो घड्याळ घेणार होता.

घड्याळजींना तो नंबर वाचायची गरज पडली नाही. बाई दुकानाची पायरी चढली तेव्हाच, कपाळावरून आणि हनुवटीवरून, ती कुणाची मुलगी हे त्यांनी ओळखलं होतं.

“काका, पत्रात अजून एक गोष्ट लिहाल का?” असं म्हणून तिने पिशवीतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. त्याला तिने प्लास्टिकचं पाकीट घातलं होतं. “ही सही तुमचीच आहे ना?”

सही त्यांचीच होती. त्या काळी गाडीवरच्या प्रत्येकाने दर पंधरा दिवसांनी, मंगळवारी, आपलं घड्याळ त्यांच्यापुढे आणून ठेवायचं असा नियम होता. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी ते ताडून पाहायचं, फरक कार्डावर लिहायचा आणि सही करायची, हे रेल्वेने त्यांना नेमून दिलेलं काम. कार्डावरच्या शेवटच्या ओळीत फरक लिहिला होता: चार सेकंद. त्यानंतरच्या ओळी कोऱ्या होत्या.

त्या मंगळवारनंतरच्या शनिवारी दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. एकेरी मार्ग होता. बाईचे वडील मालगाडीवर गार्ड होते. समोरून येणाऱ्या पॅसेंजरसाठी त्यांनी आपली गाडी बाजूच्या रुळावर घ्यायची होती, आणि त्यांच्या घड्याळाप्रमाणे त्याला अजून तीन मिनिटं अवकाश होता. ती तीन मिनिटं नव्हतीच. एक माणूस जागच्या जागी गेला. चौकशीत गार्डचं घड्याळ तीन मिनिटं मागे निघालं. चौकशी समितीने घड्याळजींना बोलावून विचारलं, मंगळवारी हे घड्याळ तुम्ही तपासलं होतं का? ते म्हणाले, हो, तपासलं होतं. मग चूक गार्डचीच ठरली. तपासून दिलेलं नीट घड्याळ त्याने चार दिवसांत हयगयीनं बिघडवलं, असा शेरा आला आणि नोकरी गेली; घड्याळ आणि कार्ड मात्र त्याच्याकडेच राहिलं.

याला एकतीस वर्षं झाली. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती.

ती आता सांगत होती, की हे कार्ड म्हणजे बाबांची एकुलती एक साक्ष आहे. ज्या माणसाचं घड्याळ चार दिवस आधी फक्त चार सेकंद मागे होतं, तो हयगय करणारा कसा? हेच तिने रेल्वेकडे केलेल्या अकरा अर्जांत लिहिलं होतं. अकराही परत आले होते. आता बाराव्या अर्जासाठी तिला चांगला वकील करायचा होता. घड्याळ विकणं त्यासाठीच.

घड्याळजींनी पुन्हा भिंग लावलं. आतल्या डुलत्या चाकाच्या, म्हणजे बॅलन्सच्या, बारीक दांड्याचं टोक वाकलेलं होतं. घड्याळ कशावर तरी जोरात आपटल्याशिवाय असं होत नाही, आणि असं झालेलं घड्याळ दिवसाला मिनिटभर तरी मागे पडतंच. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, हे कधी पडलं होतं का?

कधीच नाही, ती म्हणाली. बाबा तान्ह्या मुलासारखं जपायचे त्याला. अपघातातसुद्धा त्यांच्या मनगटावर ओरखडा नव्हता.

घड्याळजींनी झाकण लावलं. पत्र दुकानात बसून लिहिण्यासारखं नाही, रविवारी घरी आणून देतो, असं त्यांनी तिला सांगितलं. ती इतक्या वेळा आभार मानून गेली, की तिच्यामागून ते बराच वेळ दुकानाच्या दाराकडे पाहायचं टाळत राहिले.

खरं म्हणजे त्या मंगळवारी घड्याळ त्यांच्यापुढे आलंच नव्हतं. आलं होतं ते नुसतं कार्ड, रूळ बदलणाऱ्या एका सांधेवाल्याच्या हातून. गार्डसाहेब घाईत आहेत, तेवढी सही करून द्या, असा निरोप होता. या गार्डचं घड्याळ कधी पाच सेकंदांच्या वर गेलेलं नव्हतं. घड्याळजींनी पेन उचललं आणि चार सेकंद लिहिले. चौकशीच्या खोलीत खरं सांगावं असं मनात होतं, पण समोर पाच जण बसले होते, घड्याळजींची स्वतःची नेमणूक नवी होती, घरात दोन लहान मुलं होती. त्यांनी गार्डकडे पाहिलं होतं. गार्ड जमिनीकडे पाहत होता. तो आता बोलेल, मग बोलेल, असं त्यांना वाटत राहिलं. तो बोलला नाही. त्यानंतर घड्याळजींनी स्टेशनाच्या रस्त्याने जाणं सोडलं. मुलांनी मोठ्या शहरात राहायला बोलावलं, तेही त्यांनी मानलं नाही. आपण गेलो आणि मागे कुणी ते प्रकरण उकरून काढलं तर, या भीतीने त्यांना या एका दुकानात बांधून ठेवलं होतं.

रविवारी दुपारी ते गेले. दोन खोल्यांचं बैठं घर होतं. बाहेरच्या खोलीत टेबलावर छापखान्यातून आलेली मुद्रितं, लाल पेन, जाड भिंगाचा चष्मा. ती घरबसल्या मुद्रितं तपासायची. दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या छापखान्याने तिला दोनदा बोलावलं होतं, असं तिने चहा ठेवता ठेवता सांगितलं; पण बाबांना एकटं कसं टाकणार? बाबा तर फाटकाबाहेरही जात नाहीत. पहिली काही वर्षं लोक बघतात म्हणून गेले नाहीत आणि आता गुडघे साथ देत नाहीत.

गार्ड खुर्चीत बसले होते. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. त्यांनी घड्याळजींना ओळखलं, नुसती मान हलवली आणि बसायची खूण केली.

मुलीने अर्जांची फाईल आणून टेबलावर ठेवली आणि पत्रासाठी हात पुढे केला. घड्याळजींनी खिशातलं पाकीट काढलं नाही. त्यात लिहिलेलं तोंडानेच सांगायचं असं ठरवून ते आले होते आणि वाटेत चार वेळा त्यांनी ते मनात म्हणून पाहिलं होतं.

“त्या मंगळवारी मी हे घड्याळ तपासलं नव्हतं,” ते म्हणाले. “न बघता सही केली. आणि चौकशीत खोटं बोललो.”

तिच्या हातातला कप बशीत टेकला. आधी तिला ते नीट कळलंच नसावं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत जे कुणी बोललं नव्हतं, ते हा माणूस आपल्या पायांनी येऊन बोलत होता. तिने घाईघाईने कोरा कागद ओढला. हे सगळं लिहून द्याल ना, तिने विचारलं. म्हणजे बाबांनी घड्याळ तुमच्यापुढे ठेवलं, आणि तरीही तुम्ही ते पाहिलं नाही, असंच ना?

घड्याळजी सगळं मनात घोकून आले होते, पण हे एक वाक्य त्यांनी कधी घोकलं नव्हतं. स्वतःची चूक कबूल करायची, एवढंच इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात होतं. ती चूक जिथे संपत होती तिथूनच दुसऱ्याची सुरू होत होती, आणि तो दुसरा समोर बसला होता. त्यांनी गार्डकडे पाहिलं. गार्डनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

“हो,” घड्याळजी म्हणाले. “त्यांनी ठेवलं होतं. गर्दी होती. मीच पाहिलं नाही.”

तिने लिहायला सुरुवात केली. लाल पेनानेच लिहितेय हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नाही. दोन ओळी झाल्या असतील.

“पुरे,” गार्ड म्हणाले. “पुन्हा खोटं नका बोलू.”

तिने मान वर केली.

मग गार्डनी सांगितलं. आवाज चढवला नाही, थांबलेही नाहीत. जणू कुणी विचारायचीच वाट पाहत होते. घड्याळ त्या आठवड्याच्या रविवारी पडलं होतं. गार्डच्या डब्यातून, ब्रेकव्हॅनमधून, उतरताना मनगटाचा पट्टा सुटला आणि ते रुळावर आपटलं. तेव्हापासून ते दिवसाला मिनिट-दीड मिनिट मागे पडत होतं. मंगळवारी दाखवलं असतं तर दुरुस्तीसाठी ठेवून घेतलं असतं, आणि घड्याळाशिवाय गाडीवर जाता येत नाही. आठ दिवस घरी बसावं लागलं असतं. म्हणून त्यांनी नुसतं कार्ड पाठवलं. रोज सकाळी स्टेशनच्या घड्याळाशी जुळवून घेऊ म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं. तीन दिवस जुळवलंही. शुक्रवारी राहून गेलं, शनिवारीही राहून गेलं.

घड्याळजींना उठून जावंसं वाटत होतं, पण दाराकडे जायचं तर दोघांच्या मधून जावं लागलं असतं.

“आणि मी अर्ज लिहीत होते तेव्हा?” तिने विचारलं.

गार्डनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं, आणि हात पुन्हा खाली घेतला.

“प्रत्येक वेळी वाटायचं, सांगून टाकू. मग तू ते मला वाचून दाखवायचीस. त्यात माझ्याबद्दल काय काय लिहिलेलं असायचं.” त्यांनी टेबलावरच्या फाईलकडे पाहिलं. “ते ऐकायला बरं वाटायचं.”

तिने लिहिलेल्या दोन ओळी एकदा वाचल्या. मुद्रितावर मारतात तशी एक सरळ रेघ त्यांच्यावरून ओढली. फाईलमधले कागद टेबलावर ठोकून सारखे केले, नाडी बांधली आणि फाईल वडिलांच्या मांडीवर ठेवली. त्यात राग दिसत नव्हता. झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं, इतक्या हळूच तिने ती ठेवली. मग आत गेली. आत पाणी वाजलं. बाहेर आली तेव्हा तिने साडी बदलली होती आणि खांद्याला पर्स होती.

“काका, तुम्हाला घाई नाही ना?”

“नाही.”

“मग यांच्याजवळ बसा. डब्यात पोळ्या आहेत. भाजी झाकून ठेवलीय.”

तिने चपला घातल्या. मग पायऱ्या उतरून फाटकातून बाहेर पडली आणि उजवीकडे वळली. दुकानं डावीकडे होती. उजवीकडे नुसता रस्ता होता, लांबवर जाणारा.

गार्ड तिकडे पाहत राहिले. कोपऱ्यावरचं दुकान गाठायचं असलं तरी आपण किती मिनिटांत येऊ हे ती सांगून जायची. ते त्या मिनिटाला दाराशी येऊन उभे राहायचे. आज तिने मिनिटं सांगितली नव्हती आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

बराच वेळ झाल्यावर उन्हाची तिरीप गार्डच्या डोळ्यांवर आली, तसे घड्याळजी दार लोटायला उठले.

“राहू द्या,” गार्ड म्हणाले.

घड्याळजी परत येऊन बसले. डोळे मिचकावत गार्ड उन्हाकडे तोंड करून तसेच बसून राहिले, आणि फाईल घसरू नये म्हणून त्यांनी तिच्यावर दोन्ही हात ठेवले.